मुदतीचा ताप : आधी रक्त, मग गोळी



सुक्कोत आटोपले की आपल्या मंडळींचे भारतात जाण्याचे बेत सुरू होतात. कोणाच्या भाचीचे लग्न ठाण्यात असते, कोणाला नवगावला जाऊन यायचे असते, तर कोणी नातवंडांना ते गाव दाखवायला नेते, ज्याच्या नावापुढे आपण अजूनही 'कर' लावतो. जाताना बॅगा भरून चॉकलेटे न्यायची आणि येताना पोहे, कोकम, पापड आणायचे, हा आपला रिवाज. पण कधीकधी आपण न मागितलेली एक वस्तूही बरोबर आणतो, आणि ती म्हणजे ताप.

काही वर्षांमागे आमच्या वहिनी असा ताप घेऊन परतल्या. वय वर्षे चौऱ्याहत्तर. त्या बऱ्या झाल्या, परंतु जे दोन दिवसांत कळायला हवे होते ते कळायला दोन आठवडे गेले. चूक कोणा एकाची नव्हती. आमचीही होती. म्हणून त्या प्रकरणातून आम्ही जे शिकलो, आणि नंतर वाचून, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. आयुष्यभर मुलांना गणित आणि शास्त्र शिकवले, तेव्हा शिक्षकाच्याच पद्धतीने सांगतो.

वहिनींची हकीकत

परतीच्या विमानाला चार दिवस असताना वहिनींना ताप भरला. तापाच्या दुसऱ्याच दिवशी घरच्यांनी त्यांना जवळच्या एका लॅबमध्ये नेले. बोटातून थेंबभर रक्त काढून एका पट्टीवर टाकले आणि वीस मिनिटांत कागद हातात आला : टायफॉइड निगेटिव्ह. सगळ्यांना हायसे वाटले. कोणीतरी "व्हायरल असेल, तरी असू द्या" म्हणून अँटिबायोटिकच्या तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला आणि वहिनी घरी अश्दोदला आल्या.

आठवडाभरात ताप पुन्हा चढला. कुपात होलीमच्या डॉक्टरांना त्यांनी तो कागद दाखवला. "टायफॉइड नाही, तपासणी झालेली आहे," असे आम्हीही बरोबर बसून ठासून सांगितले. डॉक्टरांना लघवीचा संसर्ग वाटला व त्यांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या. बाराव्या दिवशी वहिनींचे पोट फुगले, बोलणे असंबद्ध होऊ लागले, तेव्हा रात्री त्यांना मियूनमध्ये नेले. तेथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "सवता, गेल्या दोन महिन्यांत कुठे परदेशी गेला होता का?"

रक्त घेऊन कल्चरच्या बाटल्यांत भरले. दोन दिवस गेले, बाटल्यांत काही उगवेना. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी रक्तातले जंतू दबले असतील, पण हाडांच्या मज्जेत ते दडून राहतात. शेवटी कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढावी लागली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हाडात सुई घालताना हात धरून उभे राहण्याची पाळी आमच्यावर आली, ती आम्ही विसरलेलो नाही. मज्जेत जंतू सापडला. टायफॉइडच होता. शिवाय ज्या जातीच्या गोळ्या वहिनींनी आधी घेतल्या होत्या, त्यांना तो जुमानत नव्हता.

या तापाचे नाव

आपल्या लहानपणी याला कोणी टायफॉइड म्हणत नसे. विषमज्वर म्हणत, नाहीतर मुदतीचा ताप. एकवीस दिवसांची मुदत घेऊन येतो आणि ती पुरी करूनच जातो, अशी समजूत. १९५६ च्या सुमारास आमच्या दादांना, म्हणजे याच वहिनींच्या यजमानांना, हा ताप आला होता. आई कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवी, मोसंबीचा रस आणि भाताची पेज याखेरीज पोटात काही जात नसे. डॉक्टरांनी क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सूल दिल्या आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला. दादांचे केस मात्र झडले. नंतर घरी मलिदा झाला, आणि टोपीखाली टक्कल लपवून बसलेले दादा आम्हांला अजून दिसतात.

या रोगाचा जंतू कार्ल एबर्ट यांनी १८८० साली पाहिला आणि गेऑर्ग गाफ्की यांनी १८८४ साली तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. जंतू शिरतो तोंडावाटे, दूषित पाण्यातून किंवा अन्नातून. आतड्याची भिंत ओलांडून तो रक्तात उतरतो आणि यकृत, प्लीहा, मज्जा येथे ठाण मांडतो. ताप लगेच येत नाही. बहुधा एक ते दोन आठवड्यांनी येतो, कधी त्याहूनही उशिरा. म्हणून पुष्कळदा जंतू मुंबईत शिरतो आणि ताप रामल्यात किंवा बीरशेबात येतो. वेळीच औषध मिळाले नाही तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्यातून रक्तस्राव होण्याचा किंवा आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो. वेळेचे महत्त्व आहे ते यासाठी.

चोर आणि चोराच्या पाऊलखुणा

आता मुख्य मुद्दा. टायफॉइडसाठी रक्ताच्या ज्या तपासण्या होतात त्यांचे ढोबळ दोन वर्ग आहेत. एका वर्गात प्रत्यक्ष चोराला पकडतात, म्हणजे रक्तातला जिवंत जंतू वाढवून दाखवतात. हे झाले ब्लड कल्चर, हिब्रूत 'तरबीत दाम'. दुसऱ्या वर्गात चोर दिसत नाही, त्याच्या पाऊलखुणा पाहतात. जंतू शिरला की आपले शरीर त्याच्याशी लढण्यासाठी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करते. ती रक्तात आहेत का, हे या तपासण्या पाहतात. विडाल आणि झटपट होणाऱ्या बहुतेक सर्व तपासण्या या दुसऱ्या वर्गातल्या.

पाऊलखुणांची अडचण सहज लक्षात येईल. चोर नुकताच शिरला असेल तर खुणा अजून उमटलेल्या नसतात. आणि खुणा दिसल्या तरी त्या आजच्या की जुन्या, याच चोराच्या की दुसऱ्याच्या, हे सांगणे कठीण जाते.

विडाल

भारतात आजही सर्वांत जास्त होणारी ही तपासणी फर्नां विडाल यांच्या नावाने ओळखली जाते. १८६२ साली अल्जीरियात एका ज्यू कुटुंबात जन्मलेले हे डॉक्टर पुढे पॅरिसमध्ये नामांकित झाले. १८९६ साली त्यांनी दाखवून दिले की, टायफॉइडच्या रोग्याच्या रक्तातील पातळ द्रव जंतूंत मिसळला की जंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती.

रिपोर्टवर ओ आणि एच अशी अक्षरे आणि १:८०, १:१६०, १:३२० असे आकडे असतात. १:१६० याचा अर्थ इतकाच की द्रव एकशेसाठ पट पातळ केला तरी गुठळ्या झाल्या. आकडा मोठा तितकी प्रतिपिंडे जास्त. पण ती तयार व्हायला वेळ लागतो. साधारण तापाचा पहिला आठवडा सरताना ती दिसू लागतात. उलट ज्या भागात हा रोग नेहमीचा आहे तेथे निरोगी माणसाच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडे असतात. शाळेत टीएबीची सुई टोचायचे, दोन दिवस हात वर उचलत नसे, हे वाचकांना आठवत असेल. त्या लसीनेही विडालचा आकडा वाढायचा. म्हणून ही तपासणी नीट करायची तर एकदा करून भागत नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन आकडा चौपट चढला का, ते पाहावे लागते. इतके थांबतो कोण? एकाच कागदावर निकाल लागतो, आणि तेथेच फसगत होते.

झटपट तपासण्या

१९९० नंतर नव्या तऱ्हेच्या तपासण्या आल्या. मलेशियात तयार झालेली टायफिडॉट ही जंतूच्या बाहेरच्या आवरणातील एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. त्यांत दोन प्रकार असतात : आयजीएम म्हणजे साधारणतः ताज्या संसर्गाची, आणि आयजीजी म्हणजे पुष्कळदा जुन्या संसर्गाचीही. ट्यूबेक्स ही तपासणी रंग दाखवते. लहान नळीत रक्तातला द्रव आणि दोन प्रकारचे सूक्ष्म कण मिसळून नळी चुंबकावर ठेवतात. प्रतिपिंडे नसतील तर रंग लाल, असतील तर निळ्याकडे झुकतो. शून्यापासून दहापर्यंत गुण देतात. आमच्यासारख्या मास्तरांना ही पद्धत आवडण्याजोगीच. काही मिनिटांत निकाल, महागडे यंत्र नको, हा या तपासण्यांचा खरा गुण आहे.

पण परीक्षेत त्यांना गुण किती? २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने ठिकठिकाणचे अभ्यास एकत्र करून ताळा मांडला. ट्यूबेक्स टायफॉइडच्या शंभर रोग्यांतील सुमारे ७८ जणांना ओळखते, आणि टायफॉइड नसलेल्या शंभरांतील सुमारे ८७ जणांना 'नाही' असे बरोबर सांगते. टायफिडॉटचे आकडेही थोड्याफार फरकाने असेच.

७८ आणि ८७ हे गुण वाईट वाटत नाहीत. पण जरा गणित करू. ताप आलेली शंभर माणसे घ्या, त्यांतल्या दहांना खरा टायफॉइड आहे. तपासणी त्या दहांतल्या आठांना पकडेल, दोघे सुटतील. उरलेल्या नव्वदांत शंभरी तेराप्रमाणे सुमारे बारा जणांना रोग नसताना 'आहे' असे सांगेल. म्हणजे 'पॉझिटिव्ह' असा कागद मिळालेली माणसे वीस, आणि त्यांतली खरी रोगी आठच. बारा जण विनाकारण टायफॉइडची औषधे घेतील, आणि त्यांचा ताप खरोखर मलेरियाचा किंवा डेंग्यूचा असेल तर तो तसाच राहील. जे दोघे सुटले, त्यांच्यात आमच्या वहिनी. त्यांची तपासणी तर तापाच्या दुसऱ्याच दिवशी झाली होती, पाऊलखुणा उमटण्याआधी.

आणखी एक बाब. पॅराटायफॉइड ए हा या तापाचा भाऊच आहे. लक्षणे तीच, पण जंतू निराळा. ट्यूबेक्स ज्या खुणेवर चालते ती खूणच त्या जंतूवर नसते, त्यामुळे तो तिला दिसत नाही. २००९ साली नेपाळला गेलेल्या इस्रायली प्रवाशांत याच पॅराटायफॉइडची साथ आली होती, तेव्हा ही गोष्ट दूरची समजू नये.

ब्लड कल्चर

मग चोरालाच का पकडू नये? पकडावेच. अडचण अशी की टायफॉइडच्या रोग्याच्या रक्तात जंतू फार थोडे असतात. पुष्कळदा एक मिलिलिटर रक्तात जिवंत जंतू एखादाच. म्हणून बोटाच्या थेंबाने काम होत नाही. मोठ्या माणसाच्या एकेका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त भरतात आणि अशा दोन किंवा अधिक बाटल्या घेतात. "एवढे रक्त कशाला?" असे म्हणून नर्सशी वाद घालू नका. रक्त जितके पुरेसे, तितकी जंतू सापडण्याची शक्यता जास्त.

बाटलीत जंतूंसाठी पोषक रस असतो. ती उबदार यंत्रात ठेवतात. जंतू वाढू लागले की वायू सोडतात आणि तो यंत्राला कळतो. टायफॉइडचा जंतू बहुधा एक ते तीन दिवसांत वर येतो. पाच दिवस वाट पाहून मगच 'काही नाही' असे म्हणतात. ही तपासणीही पूर्ण नाही. शंभरांतील सुमारे साठ रोग्यांतच ती जंतू दाखवते, आणि अँटिबायोटिक आधी पोटात गेले असेल तर त्याहूनही कमी. मज्जेच्या कल्चरमध्ये हे प्रमाण बरेच जास्त असते, पण ती सुई कोणाला हवी आहे?

तरीही कल्चरसारखी दुसरी तपासणी नाही, कारण ती नुसते नाव सांगून थांबत नाही. सापडलेल्या जंतूवर वेगवेगळी औषधे घालून कोणते लागू पडते हेही सांगते. आज याची गरज फार आहे. दादांना बरे करणारे क्लोरोमायसेटिन १९४८ पासून टायफॉइडवर वापरात आले. १९७२ साली मेक्सिकोत आणि केरळात कालिकतला त्याला न जुमानणाऱ्या जंतूंच्या साथी आल्या. पुढे सिप्रोफ्लोक्सासिन आले, पण भारतातील बहुतेक टायफॉइडवर आता त्याचाही भरवसा राहिलेला नाही. २०१६ पासून पाकिस्तानातील सिंधमध्ये, तिथल्या हैदराबादेत, असा जंतू पसरला आहे की शिरेतून देण्याचे सेफ्ट्रियाक्सोनही त्यावर चालत नाही. कागदावर नुसते 'टायफॉइड पॉझिटिव्ह' असून डॉक्टरांचे भागत नाही ते यामुळे.

तेव्हा काय करावे

पहिली गोष्ट. भारतातून परतल्यावर दोन महिन्यांत केव्हाही ताप आला तर डॉक्टरांसमोर पहिले वाक्य हे म्हणा : "हझरती मे-होदू, येश ली होम." मी भारतातून परतले आहे, मला ताप आहे. ते विचारतील याची वाट पाहू नका. कुठे, किती दिवस, बाहेरचे काय खाल्ले, हे घरून कागदावर लिहून न्या.

दुसरी गोष्ट. भारताहून आलेला ताप म्हणजे आधी मलेरिया नाही ना, याची खात्री त्याच दिवशी व्हायला हवी. डेंग्यूचाही विचार डॉक्टर करतील. टायफॉइडला हिब्रूत 'तिफुस हाबेतेन' म्हणतात, तो शब्द ध्यानात ठेवा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची. आधी रक्त, मग गोळी. "कहू ली तरबीत दाम लिफने हा-अंतिब्योतिका, बेवाकाशा." अँटिबायोटिकपूर्वी माझे रक्त कल्चरला घ्या, असे नम्रपणे विचारा. रक्त घ्यायला पाच मिनिटे लागतात. प्रकृती गंभीर असेल तर डॉक्टर रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतील, निकालाची वाट पाहत बसणार नाहीत, आणि तेच योग्य. भारतात असताना ताप आला तरी हाच नियम. जवळच्या केमिस्टकडून किंवा भाच्याच्या कपाटातून गोळ्या घेऊ नका. घेतल्याच असतील तर नाव लिहून आणा, रिकामे पाकीट जपून ठेवा.

चौथी. भारतातला विडालचा किंवा पट्टीचा कागद डॉक्टरांना जरूर दाखवा, पण त्यावर तापाचा कितवा दिवस होता ते लिहा, आणि तो शेवटचा निकाल मानू नका.

पाचवी, आपल्या वयाची. ॲसिडिटीसाठी रोज ओमेप्राझोलसारखी गोळी घेणाऱ्यांच्या पोटात आम्ल कमी असते, आणि आम्ल हाच या जंतूंच्या वाटेवरचा पहिला पहारेकरी. त्यांनी पाणी आणि कच्चे पदार्थ यांबाबत जास्त जपावे. म्हातारपणी ताप फार चढत नाही, पण माणूस गळून जातो, गोंधळतो. "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका.

सहावी, निघण्यापूर्वी लस. निदान दोन आठवडे आधी प्रवाशांच्या क्लिनिकमध्ये, 'मिरपअत मेतायलीम' मध्ये, जा. टायफॉइडच्या इंजेक्शनच्या लशी जंतूच्या ज्या आवरणावर बेतलेल्या आहेत, ते 'व्ही-आय' आवरण १९३४ साली आर्थर फेलिक्स आणि मार्गारेट पिट यांनी लंडनमध्ये शोधले. फेलिक्स हे ज्यू शास्त्रज्ञ त्याआधी याच आपल्या भूमीत हदास्सासाठी काम करून गेले होते. साध्या व्ही-आय लशीचे संरक्षण दोन-तीन वर्षे टिकते, तेही पूर्ण नसते, आणि पॅराटायफॉइडला ती लागू पडत नाही. म्हणून लस घेतली तरी पाणी उकळलेले किंवा सीलबंद बाटलीतले, बर्फ नको, आणि फळ आपल्या हाताने सोललेले. भारतातही आता नव्या लशी आल्या आहेत. हैदराबादेत बनलेली लस २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना मोहीम काढून टोचली. आपल्या नातवंडांना घेऊन जाणार असाल तर त्यांच्या डॉक्टरांना लशीबद्दल विचारा.

शेवटी

झटपट तपासणी वाईट नाही. जेथे कल्चरची सोय नाही तेथे जाणत्या डॉक्टरांच्या हाती ती थोडीफार मदत करते. पण आपण वीस मिनिटांच्या कागदाला न्यायाधीश केले, तेथे आपण चुकलो. लवकर मिळालेले उत्तर आणि खरे उत्तर यांतला फरक आम्ही चाळीस वर्षे मुलांना शिकवला, आणि घरची वेळ आली तेव्हा आम्हीच विसरलो.

वहिनी दोन आठवडे इस्पितळात होत्या. शिरेतून औषध चालले, मग घरी आल्या. केस थोडे गळले. पुढे अश्दोदला मलिदा केला, तेव्हा त्या आरशात पाहून म्हणाल्या, "यांचे टक्कल तरी टोपीत झाकले होते, माझे काय?" सगळे हसले. पाच दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा ठाण्याला जायचे म्हणतात. लस घेतली आहे, आणि ती हिब्रू वाक्ये आम्ही मराठी अक्षरांत लिहून त्यांच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवली आहेत.

वाचकांनीही हे पान कापून पाकिटात ठेवावे, ही विनंती. सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, आणि कोणी आजारी असेल त्यास रेफुआ श्लेमा.